स्वस्तातला यूएसबी सेन्सर बोर्ड: आठ इनपुट, दीड हजाराच्या आत (बडोदे)

सूरसागरकाठी (धागाकर्ता)

प्युअर डेटा (पीडी) या संगीताच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या एका बैठकीसाठी सेन्सर बोर्ड करायचा आहे. वाद्यं खरीच वाजतील. संगणक मागे तानपुरा, थोडं ग्रॅन्युलर काम (आवाजाचे बारीक तुकडे वापरणं) आणि मींड (सूर न तोडता घसरत जाणं) घेणारा एक सिंथ सांभाळेल. इनपुट हवेत ते असे: हार्मोनियमच्या भात्याची हालचाल, बोटाने दाबायची चार पॅड, पायाचं एक पेडल, मींडेसाठी एक पट्टी आणि डग्ग्यावर एक पिएझो (ठोक्याचा कंप पकडणारी चकती). एकूण आठ.

लॅपटॉप जुना, त्यावर लिनक्स. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुसऱ्याचा विंडोजवाला लॅपटॉप असेल आणि त्यावर मॅक्स (पीडीसारखाच प्रोग्रॅम). म्हणजे ड्रायव्हर टाकत बसायला नको. सोल्डरिंग येतं, पीसीबी छापून घ्यायचा नाही, झिरो बोर्डवरच करायचं आहे.

चार रस्ते दिसतायत: पिक १८एफ४५५०, ॲटमेगा८ वर व्ही-यूएसबी (यूएसबीचं काम कोडने करणं), आर्डुइनो घराण्यातलं काही, किंवा रास्पबेरी पाय पिको. कोणता धरू?

सोल्डरकाका

प्रो मायक्रो घ्या, आर्डुइनो घराण्यातला छोटा बोर्ड. ॲटमेगा३२यू४ चिप, ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्‌झवाला. या चिपच्या आतच यूएसबी आहे, त्यामुळे बोर्ड थेट मिडी (वाद्यांच्या संदेशांची ठरलेली भाषा) उपकरण म्हणून ओळख देतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे ड्रायव्हर लागत नाही. मिडीयूएसबी ही लायब्ररी पुरेशी आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. व्ही-यूएसबी शिकायला छान, पण ते लो-स्पीड यूएसबी आहे. लो-स्पीडमध्ये बल्क एंडपॉइंटला (यूएसबीतली डेटा पाठवायची एक वाट) नियमाने परवानगी नाही आणि यूएसबी मिडीला तोच लागतो. त्यामुळे मिडी म्हणून जोडलेला व्ही-यूएसबी बोर्ड एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर आडवा येतो. जॉयस्टिक, म्हणजे एचआयडी, म्हणून वापरलात तर तो आजही चालेल.

पिक १८एफ४५५० हा एके काळी या कामाचा राजा होता. डॅन ओव्हरहोल्ट यांचा क्रिएट यूएसबी इंटरफेस त्यावरच आहे: ४० पायांची (पिनची) डिप चिप, १३ ॲनालॉग इनपुट, १० बिट. हाताने सोल्डर करायला उत्तम, पण वेगळा प्रोग्रॅमर लागतो. कुणाकडे चिप पडूनच असेल तर १८ नंबरच्या पायाला २२० नॅनोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका. आतल्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरसाठी तो हवाच, तो नसेल तर संगणक बोर्ड ओळखत नाही आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सीएच३४० वाला आर्डुइनो नॅनो सगळ्यात स्वस्त, पण तो फक्त सीरियल बोलतो. दुसऱ्याच्या विंडोजवर ड्रायव्हर, पोर्ट नंबर, सीरियलचं मिडी करणारा मधला प्रोग्रॅम, सगळं आलं. तुमच्या अटीत बसत नाही.

कलाभवनी

काकांशी बरंच सहमत, पण पिकोला असं वाऱ्यावर का सोडलंत? आरपी२०४० चिप आहे, यूएसबी आतच आहे, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १२ बिट, किंमत प्रो मायक्रोच्या आसपास किंवा कमीच.

सोल्डरकाका

१२ बिट कागदावर. त्या एडीसीत ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी पायऱ्या असमान आहेत. पॅडसाठी फरक पडत नाही, पण मींडेच्या पट्टीवर हात सावकाश सरकवला की त्या चार जागी आकडा अडखळतो. शिवाय बाहेर काढलेले ॲनालॉग पाय तीनच: जीपी२६, २७, २८. आणि सगळं ३.३ व्होल्टवर, चुकून ५ व्होल्ट गेले की तो पाय गेला.

तरी पिकोच हाताशी असेल तर दोन गोष्टी करा. जीपीआयओ २३ हाय ठेवा, म्हणजे बोर्डवरचा रेग्युलेटर पीडब्ल्यूएम पद्धतीत जातो आणि एडीसीतली कुरकुर कमी होते. सेन्सरची जमीन (ग्राउंड) ३३ नंबरच्या एजीएनडी पायाला जोडा, जवळ दिसेल त्या जमिनीला नको.

सूरसागरकाठी

प्रो मायक्रो ठरलं. आता त्याला आठ ॲनालॉग पाय आहेत का?

सोल्डरकाका

नऊ आहेत. ए० ते ए३ हे चार उघड छापलेले; शिवाय ४, ६, ८, ९, १० हे डिजिटल पायही ॲनालॉग वाचतात, कोडमध्ये त्यांची नावं अनुक्रमे ए६, ए७, ए८, ए९, ए१०. म्हणजे मल्टिप्लेक्सर (अनेक इनपुट आळीपाळीने एका पायावर आणणारी चिप) न लावताही भागतं. तरी पॅड आणि पेडल सीडी४०५१ या मल्टिप्लेक्सरवर घ्या असं मी म्हणेन, कारण पुढे 'अजून चार पॅड हवीत' हे होणारच. वीसेक रुपयांची चिप आहे, आयसी बेससकट.

४०५१ ची जोडणी: १६ नंबरला ५ व्होल्ट, ८ (जमीन), ७ (व्हीईई) आणि ६ (इनहिबिट) तिन्ही जमिनीला. ३ नंबर म्हणजे सामाईक पाय, तो ए० ला. निवडीचे तीन पाय ११, १०, ९, ते बोर्डच्या ५, ७, १४ ला. चॅनेल ० ते ७ ओळीने येत नाहीत, इथे सगळे फसतात: ०-१३, १-१४, २-१५, ३-१२, ४-१, ५-५, ६-२, ७-४. १६ आणि ८ च्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, चिपला चिकटून.

सहावा पाय मोकळा राहिला की चिप मनाला येईल तेव्हा बंद-चालू होते. हात जवळ नेला की बरी होते, लांब नेला की बिघडते. अशी 'हातगुणाची' चिप दिसली की आधी सहावा पाय बघा.

पांढरीपाच

पिएझो आणि मींडपट्टी मात्र ४०५१ वर घेऊ नका, थेट पायावर घ्या. डग्ग्याचा ठोका काही मिलिसेकंदांचा; मल्टिप्लेक्सर फिरून त्या चॅनेलवर परत येईपर्यंत शिखर निघून जातं.

फोडणीचा_फोटॉन

सेन्सरवर येऊ. दीड हजारात चार तयार एफएसआर (दाब मोजणारे सेन्सर) बसत नाहीत, तेवढ्यातच बजेट संपेल. व्हेलोस्टॅटची काळी शीट (दाबली की तिचा रोध कमी होतो) घ्या, एका छोट्या तुकड्यात सात-आठ पॅड निघतात.

थर खालून वर: जाड पुठ्ठा किंवा ३ मिमी एमडीएफ, त्यावर कॉपर टेपचा ३० मिमीचा चौकोन, मग ३४ मिमीचा व्हेलोस्टॅट, वर पुन्हा ३० मिमीचा कॉपर, आणि शेवटी २-३ मिमी फोमचं झाकण. व्हेलोस्टॅट कॉपरपेक्षा चारही बाजूंनी २ मिमी मोठा हवाच, नाहीतर कडेला दोन्ही कॉपर भेटतात आणि पॅड कायमचं 'दाबलेलं' राहतं. चिकटपट्टी फक्त कडांना. मधोमध डिंक किंवा दुपदरी टेप लावला की दाबाचा अर्धा पल्ला तिथेच संपतो. तार कॉपर टेपला सोल्डर करायची ती व्हेलोस्टॅट ठेवण्याआधी. सोल्डरिंग आयर्नचा चटका बसला की शीट आकसते.

रेझिस्टर डोळे मिटून १० के लावू नका. मल्टिमीटरने न दाबता आणि जोरात दाबून रोध मोजा, दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. समजा २५ के आणि १ के आले, तर वर्गमूळ साधारण ५ के, ४.७ के लावा. सर्वांत मोठा पल्ला त्याच किमतीला मिळतो. एलडीआर (प्रकाशाने रोध बदलणारा सेन्सर) लावणार असाल तरी हेच गणित: मंचावरच्या प्रकाशात आणि सावलीत मोजायचं, टेबललॅम्पखाली नाही.

जोडणी: ५ व्होल्ट, पॅड, मधला बिंदू, रेझिस्टर, जमीन. मधला बिंदू ४०५१ ला. असं केलं की दाब वाढला की आकडा वाढतो, आणि एडीसीला दिसणारा रोध त्या रेझिस्टरपेक्षा कधीच जास्त होत नाही. ॲटमेगाला १० के पर्यंतचा स्रोत आवडतो, म्हणून हे महत्त्वाचं.

कलाभवनी

+१. भर एवढीच: व्हेलोस्टॅटचा आकडा सरकतो. सतत दाबून ठेवला तर आकडा हळूहळू चढत राहतो आणि सोडल्यावर लगेच शून्याला येत नाही. म्हणून त्याच्याकडून ठोका आणि दाबाचा अंदाज घ्या, सुराची उंची नको. सुरू होताना प्रत्येक पॅडचे पहिले ५० वाचन घेऊन सरासरी 'रिकामा आकडा' म्हणून वजा करा. पावसाळ्यात हा रिकामा आकडा वेगळा येतो, त्यामुळे तो कोडमध्ये पक्का लिहू नये.

सूरसागरकाठी

पेडल आणि भाता?

सोल्डरकाका

पेडल म्हणजे १० के चा लिनियर पॉट (फिरवायचा रेझिस्टर). दुकानात 'बी १० के' मागा. ए छापलेला लॉग असतो, त्यात पायाच्या पहिल्या अर्ध्या हालचालीत काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं. दोन टोकांचे पाय ५ व्होल्ट आणि जमीन, मधला ४०५१ ला. संपूर्ण पल्ला फिरत नसेल (पेडलमध्ये साधारण एकतृतीयांशच फिरतो) तर गिअर शोधू नका, कोडमध्ये खालचा-वरचा आकडा पकडून ताणा.

भात्यासाठी एसएस४९ई हा लिनियर हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ ते सांगणारा) आणि एक छोटं निओडिमियम चुंबक. तीन पायांचा, ५ व्होल्टवर चालतो, चुंबक नसताना अर्ध्या व्होल्टेजवर उभा असतो, म्हणजे आकडा ५१२ च्या आसपास. चुंबकाचा ध्रुव उलटा असेल तर आकडा वर जायच्याऐवजी खाली जाईल, चुंबक पलटा.

सगळे जण चुंबक भात्याच्या उघडणाऱ्या कडेला लावतात. तिथे हालचाल बरीच मोठी, आणि चुंबकाचा प्रभाव जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. अर्धा भाता उघडला की सेन्सरला काही दिसतच नाही. बिजागरीच्या बाजूला, कडेपासून तीन-चार बोटं आत लावा. तिथे तीच हालचाल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची होते. चुंबक भात्याच्या पट्टीवर, सेन्सर पेटीच्या लाकडावर, दोन्ही दुपदरी टेपने. पेटी दुसऱ्याची असेल तर स्क्रू मारायचा नाही हे सांगायला नको.

पांढरीपाच

भात्याची जागा म्हणजे आवाज नव्हे. भाता अर्धा उघडा धरून ठेवला तर आतल्या भात्यात हवा असेपर्यंत सूर चालतो, आणि बाहेरच्या सेन्सरला काहीच हालचाल दिसत नाही. म्हणून संगणकाला जागा नको, वेग द्या: आत्ताच्या वाचनातून २० मिलिसेकंद आधीचं वाचन वजा करा, फक्त भाता बंद होण्याच्या दिशेचा फरक ठेवा, उघडण्याचा शून्य धरा. मग तो फरक लगेच चढणाऱ्या आणि साधारण अर्ध्या सेकंदात उतरणाऱ्या गाळणीतून काढा. ही उतरण आतल्या भात्याचं काम करते. पेटीवाल्याला मग संगणकाचा आवाज आपल्या हाताखाली वाटतो.

हॉलचा आकडा अंतराबरोबर सरळ रेषेत जात नाही, जवळ आला की झपकन चढतो. पीडीमध्ये एका टेबलात सात-आठ बिंदू मोजून टाका आणि त्यातून वाचा. सूत्र शोधण्यापेक्षा लवकर होतं.

सूरसागरकाठी

आता मींड. सगळ्यात जास्त भीती याचीच आहे. मिडी म्हणजे ० ते १२७, त्यात मींड पायऱ्यापायऱ्यांची होणार ना?

पांढरीपाच

साध्या कंट्रोल चेंजवर (मिडीचा ७ बिटांचा संदेश) होणारच. एक सप्तक १२०० सेंटचं (सेंट म्हणजे सुराच्या उंचीचं बारीक माप). १२७ पायऱ्यांत वाटलं तर एक पायरी साडेनऊ सेंटची. गायकाच्या कानाला ती ऐकू येते, विशेषतः कोमल गंधाराच्या आंदोलनात. १० बिटांचा एडीसी मात्र १०२४ पायऱ्या देतो, म्हणजे एका सप्तकाला पायरी १.२ सेंटच्या खाली. ते पुरतं. प्रश्न बोर्डचा नाही, पाठवण्याचा आहे.

दोन मार्ग आहेत. एक पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली ओढणारा संदेश, जो मुळातच १४ बिटांचा आहे. १० बिटांच्या आकड्याला १६ ने गुणा, खालचे ७ बिट आणि वरचे ७ बिट वेगळे करा. पॅकेटचे चार आकडे असे: १४, २२४ अधिक चॅनेल, खालचे, वरचे. पीडीमध्ये बेंडइन ० ते १६३८३ देतो पण बेंडआउट उणे ८१९२ ते ८१९१ मागतो, याची विसंगती लक्षात ठेवा. बेंड त्या चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना ओढतो, म्हणून मींडवाला सिंथ वेगळ्या चॅनेलवर हवा.

दुसरा मार्ग जोडीचा कंट्रोल चेंज: वरचे ७ बिट २० नंबरवर, खालचे ५२ वर (नेहमी ३२ चा फरक). इथे खाच अशी की दोन संदेश एकापाठोपाठ येतात आणि पहिल्यावरच पीडीने आवाज बदलला तर क्षणभर चुकीचा सूर निघतो. वरचा आकडा नुसता साठवून ठेवा, खालचा आला की मगच बाहेर पाठवा.

मी बेंडच घेईन.

फोडणीचा_फोटॉन

पट्टी कुठली घ्यायची? तयार सॉफ्टपॉट (बोटाची जागा ओळखणारी पट्टी) महाग आहे, पण पैसे घालायचेच तर इथे घाला. व्हेलोस्टॅटच्या घरगुती पट्टीवर दाब बदलला की सूर बदलतो, ते ऐकवत नाही. अगदीच नको असेल तर ६० मिमीचा १० के चा स्लाइड पॉट घ्या आणि त्याच्या दांडीवर रुंद टोपी बसवा. मींड चांगली येते, फक्त बोट उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

सॉफ्टपॉटला बोट नसताना मधला पाय हवेत तरंगतो, म्हणून जमिनीकडे एक रेझिस्टर लागतो. बहुतेक आकृत्यांत १०० के दाखवतात. मींडेला तो चालत नाही: १० के च्या पट्टीवर मधोमध बोट असताना तो भार सूर साधारण १५ सेंट खाली ओढतो, टोकांना काहीच नाही. पट्टीची दोन्ही टोकं जुळवलेली असूनही मध्यम-पंचम उतरलेले वाटले तर कारण हेच. १ मेग लावा, चूक दीड सेंटवर येते.

बोट उचललं की आकडा शून्याकडे कोसळतो आणि सूर खाली घसरतो. त्यासाठी कोडमध्ये उंबरठा ठेवा: आकडा २० च्या खाली गेला की बेंड पाठवूच नका, शेवटचा सूर धरा आणि नोट ऑफ द्या. कोसळतानाची मधली एक-दोन वाचनंही गाळायला हवीत, म्हणून प्रत्येक वाचन ३-४ मिलिसेकंद उशिरा पाठवा. तेवढा उशीर हाताला कळत नाही.

कलाभवनी

डग्ग्याचा पिएझो: २७ किंवा ३५ मिमीची पितळी चकती. तिच्याला समांतर १ मेगचा रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर (जास्तीचं व्होल्टेज कापणारा डायोड), त्याच्यावर पट्टी छापलेली बाजू बोर्डच्या पायाकडे. जोराच्या थापेला चकती ५ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त देते. झेनर सरळ दिशेला ०.७ व्होल्टवर उणे बाजूही कापतो. तरी पायाच्या आधी १ के घाला. चकती पुडीवर चिकटवू नका, नाद मरतो. भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, काठाखाली, थोड्या मेणाने किंवा पोस्टर लावायच्या चिकट लगद्याने बसवा.

ठोका पकडायचे तीन आकडे: उंबरठा, शिखर शोधायची वेळ, आणि त्यानंतरची झापड (नवा ठोका न मोजायची वेळ). शिखरासाठी ३ मिलिसेकंद पुरतात. झापड साधारण ५० मिलिसेकंद सुचवतात, ती पाश्चात्त्य ड्रमपॅडसाठी ठीक आहे. मिनिटाला ३०० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार बोल आले की दोन बोलांत अंतरच ५० मिलिसेकंद. 'तिरकिट' मधलं अर्धं गिळलं जाईल. २० ते २५ ठेवा, आणि दुहेरी ठोके यायला लागले तर झापड वाढवण्याऐवजी उंबरठा शिखराबरोबर हळूहळू उतरता ठेवा.

सूरसागरकाठी

काकांच्या जोडणीप्रमाणे चार पॅड ४०५१ वर बसवली. पॅड २ दाबलं की पॅड ३ चाही आकडा ३०-४० ने हलतो. तारा वेगळ्या केल्या तरी तेच.

सोल्डरकाका

तारांचा दोष नाही. एडीसीच्या आत एक छोटा कपॅसिटर आहे, त्यात आधीच्या चॅनेलचं व्होल्टेज उरलेलं असतं. चॅनेल बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्या, दुसरं घ्या. एका वाचनाला साधारण ११० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे आठ चॅनेल दोनदा वाचले तरी दोन मिलिसेकंदांच्या आत. आणि जे चॅनेल वापरत नाही ते जमिनीला जोडा, मोकळे ठेवू नका.

तरीही हललं तर पॅडचा रेझिस्टर बघा, १० के पेक्षा मोठा असेल.

कलाभवनी

गाळणीबद्दल एक सापळा. सगळीकडे सूत्र असतं: जुनं अधिक (नवं वजा जुनं) भागिले ८. पूर्णांकात लिहिलं की फरक ८ च्या खाली आला की भागाकार शून्य, आणि आकडा तिथेच अडकतो. पेडल पूर्ण दाबलं तरी १०१६ च्या वर जात नाही, पूर्ण सोडलं तरी ७ वर उभं राहतं. लोक पॉट बदलतात. दशांश वापरा, किंवा आतला आकडा १६ पट करून ठेवा.

आणि बदल झाला तरच पाठवा. दर मिलिसेकंदाला आठ संदेश ओतले की पीडी चालतं पण जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटायला लागतो. १० बिटांच्या आकड्यात २ पेक्षा कमी फरक असेल तर गप्प बसा. ७ बिटांचा आकडा बदललेला नसेल तर पाठवायचाच नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी फ्लश करायचं (साठलेले संदेश एकदम पाठवायचे), प्रत्येक संदेशामागे नको.

पांढरीपाच

पीडीच्या बाजूला: आलेला ७ बिटांचा आकडा थेट आवाजाच्या गुणकाला जोडलात तर चर्र असा झिपर ऐकू येतो. १२७ ने भागा, २० मिलिसेकंदांच्या लाइन~ मधून काढा. लिनक्सवर मीडिया मेनूत एएलएसए-मिडी निवडल्यावरही जोडणी आपोआप होत नाही, ती वेगळी करावी लागते. 'बोर्ड दिसतो पण आकडे येत नाहीत' याचं पहिलं कारण तेच. विंडोजवर एक मिडी पोर्ट सहसा एकाच प्रोग्रॅमला मिळतो, तपासायला उघडलेला मॉनिटर बंद करून मग मॅक्स सुरू करा.

उशीर जाणवला तर बोर्डला दोष देऊ नका. यूएसबीचा भाग मिलिसेकंदाचा. ऑडिओ बफर ५१२ असेल तर ४४.१ किलोहर्ट्‌झला साडेअकरा मिलिसेकंद तिथेच जातात.

अडाणी_अँपिअर

कार्यक्रम मांडवात असेल तर एक गोष्ट आत्ताच बघा. लॅपटॉप चार्जरवर, ऑडिओ मिक्सरला, मिक्सर वेगळ्या सॉकेटवर: घरघर येणारच. आधी चार्जर काढून बघा. गेली तर लॅपटॉपच्या ऑडिओ आउटला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरची जमीन वेगळी ठेवणारा डबा) लावा, तो स्वस्तातला उपाय. यूएसबी आयसोलेटर (एडीयूएम४१६० चिपवाले) प्रो मायक्रोच्या वेगाला चालतात, पण सेन्सरची जमीन घरघर करत असेल तरच त्याचा उपयोग.

उलट प्रकार टच सेन्सरचा. फॉइलला हात लावून चालणारी पॅड बॅटरीवर एक वागतात आणि चार्जरवर दुसरं, कारण त्यांना जमिनीचा संदर्भ बदललेला दिसतो. इथे कुणी नवरात्रात गरब्याच्या मंचावर तसलं काही लावणार असेल तर ज्या अवस्थेत वाजवायचं त्याच अवस्थेत जुळवा.

फोडणीचा_फोटॉन

कनेक्टरसाठी ३.५ मिमीचे स्टिरिओ जॅक वापरू नका. आत घालताना प्लगचे कडे ५ व्होल्ट आणि जमीन क्षणभर जोडतात, बोर्ड रीसेट होतो आणि चालू कार्यक्रमात मिडी पोर्ट गायब. तीन पायांचे रिलीमेट कनेक्टर घ्या, उलटे बसत नाहीत. पेडलसारखं लांब काही असेल तर एक्सएलआर.

प्रो मायक्रोचा मायक्रो-यूएसबी सॉकेट नाजूक असतो, ओढ बसली की बोर्डवरच्या तांब्यासकट उखडतो. बोर्ड बसवल्यावर सॉकेटच्या मागे आणि बाजूंना इपॉक्सीचा बांध घाला (तोंडात जाऊ देऊ नका) आणि केबल डब्याला झिप टायने बांधा. टाइप-सी वाला मिळाला तर तोच घ्या.

सूरसागरकाठी

बोर्ड लावला की विंडोज 'अनोळखी उपकरण' म्हणतं. लिनक्सवर काहीच दिसत नाही. केबल दोन बदलून पाहिल्या, दोन्ही मोबाइलच्या.

सोल्डरकाका

एक तर केबल चार्जिंगपुरती आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर येतात तीच वापरा. पण विंडोज काहीतरी म्हणतंय म्हणजे डेटा पोचतोय. मग कोड चढवताना बोर्ड निवडताना ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्‌झवाला निवडला गेला असणार. तुमचा १६ चा आहे, त्यामुळे यूएसबीचं घड्याळच चुकतं.

सुटका अशी: आरएसटी आणि जीएनडी हे पाय तारेने पटकन दोनदा टेकवा. बोर्ड साधारण आठ सेकंद बूटलोडरमध्ये (नवा कोड घेण्याच्या अवस्थेत) राहतो, तेवढ्यात वेगळा पोर्ट उगवतो. आधी बरोबर बोर्ड निवडून ठेवा, कोड चढवायला घ्या, आणि 'अपलोडिंग' दिसलं की टेकवा. नाही जमलं तर पुन्हा.

लिनक्सवर बूटलोडर दिसतो पण चढवताना अडतं तेव्हा मोडेममॅनेजर तो पोर्ट पकडून बसलेला असतो. तो थांबवा. आणि स्वतःला डायलआउट गटात घालून एकदा लॉगआउट करा. मिडीला हे लागत नाही, कोड चढवायला लागतं.

सूरसागरकाठी

८ मेगाहर्ट्‌झच निघालं. आता पोर्ट दिसतोय. असाच दुसरा बोर्ड जोडला तर दोघांचं नाव एकच येतंय, मॅक्समध्ये कुठला कोणता ते कळत नाही.

कलाभवनी

बोर्डांच्या व्याख्येच्या फाइलीत, बोर्ड्‌स.टीएक्सटी मध्ये, यूएसबी प्रॉडक्टची ओळ आहे. तिथे एकाला 'भाता' आणि दुसऱ्याला 'मींड' अशी नावं रोमन अक्षरांत देऊन दोन्ही बोर्ड वेगवेगळे चढवा. विंडोज जुनं नाव धरून ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून जुनी नोंद काढा आणि केबल पुन्हा लावा.